एक पिशवी, एक रजई

निवृत्त पोलिसाला कुणी जुनी केस विचारली की तो खुर्चीत सावरून बसतो आणि सुरू करतो, 'ती घटना आजही आठवते.' मीही पुष्कळदा तसंच केलं आहे. परतूरच्या या प्रकरणात मात्र मला घटनेच्याही आधी माझेच दोन शब्द आठवतात. "और कुछ?" एवढेच. सही करता करता, मान खाली घालून मी ते विचारले होते. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला, असं माझं आजचं मत आहे. यातल्या कुणाचं नाव देणार नाही, माझंसुद्धा नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याला फार दिवस झाले नव्हते. कागदावर मी फौजदार झालो होतो, पण लोकांच्या तोंडी निजामाच्या काळातला 'अमीनसाब' तसाच राहिला होता. ठाण्याचं दप्तर उर्दूतून मराठीत येत होतं. माझी शाळा उर्दूत झालेली, म्हणून माझं निभावायचं. नवे कारकून मात्र जुनी पानं उलटताना रडकुंडीला येत. मदतीला एक जमादार होते, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. गावातला प्रत्येक माणूस आणि त्याचा आजा त्यांना माहीत होता.

त्या काळी सरहद्दीपलीकडून कुणी नातलगांना भेटायला आलं, की त्यानं चोवीस तासांत ठाण्यात हजेरी द्यायची आणि परत निघतानाही नोंद करून जायचं असा नियम होता. आमच्याकडे असे वर्षाला चार-दोन जण येत. त्यातलाच हा. पन्नाशीचा, सडपातळ, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरलेला. पासपोर्टात धंदा 'मजुरी' लिहिलेला. गावातल्या पिंजार गल्लीत विधवा बहिणीकडे उतरला होता. व्हिसा दोन महिन्यांचा. आला त्या दिवशी हजेरी देऊन गेला, आणि दोन महिन्यांनी निघण्याची नोंद करायला अगदी वेळेवर आला.

मी शिक्का मारला, सही केली. तो टेबलासमोरून हलेना. हातातली कापडी टोपी त्यानं दोनदा दुमडली, दोनदा उलगडली. एवढं मला कडेच्या नजरेनं दिसलं होतं. मी विचारलं, "और कुछ?"

"जी, कुछ नहीं," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. आमच्या शिपायानं त्याला मनमाडच्या गाडीत बसताना पाहिलं. प्रकरण संपलं, असं मी समजलो.

दोन-अडीच आठवड्यांनी औरंगाबादहून लखोटा आला. हा माणूस सरहद्दीवरच्या चौकीतून बाहेर गेल्याची नोंद नाही. त्याचा व्हिसा संपलेला आहे, आणि पासपोर्टही पंधरा दिवसांत संपतो आहे. शोधून मुदतीच्या आत रवाना करा. 'मुदतीच्या आत' या शब्दांखाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

ती रेघ का ओढली, हे वाचणाऱ्याला सांगायला हवं. व्हिसा म्हणजे आपण दिलेली राहण्याची परवानगी. ती संपली तर दंड, खटला, जे काय असेल ते इथलं इथं निस्तरता येतं. पण पासपोर्ट त्याच्या देशाचा. तो इथं असताना संपला, तर तिकडची चौकी त्याला आत घेणार नाही आणि इकडे त्याला मोकळं ठेवता येणार नाही. अशी माणसं तुरुंगात सडत पडलेली आम्ही ऐकून होतो, शिक्षा संपूनही. न्यायला कुणी नसे आणि ठेवायचं कुठं, हे कुणी सांगत नसे.

आम्ही शोध घेतला. बहिणीनं दारातच सांगितलं, भाऊ गेला, तुमच्याच शिपायानं बघितला. जमादार जालन्याला जाऊन स्टेशनजवळच्या सराईत विचारून आले. काही हाती लागलं नाही. "साब, तो मुंबईला गेला असंल," जमादार म्हणाले. "मुंबईत गेलेला माणूस म्हंजे भुश्यात पडलेली सुई." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. चार दिवस असेच गेले.

पाचव्या दिवशी, सोमवारी सकाळी, खबर मिळाली ती माझ्याच अंगणात. खबऱ्या म्हणजे आमचं कुटुंब.

थंडी पडायला लागली होती आणि बायकोनं जुनी रजई पिंजार गल्लीत नवी करायला टाकली होती. ती तयार होऊन घरी आली होती. बायको उन्हात बसून तिच्यावरून हात फिरवत होती, आणि हात फिरवताना तिचा चेहरा असा झाला होता की मी दाढी अर्धी टाकून विचारलं, काय झालं?

"आवो, जरा हात लावून बघा. कशी ढगावानी झाली."

"मग चांगलंच की."

"चांगलं हाय, पन बराबर न्हाई. पिंजारणीचा नवरा जाऊन तीन साल झाले. तवापासून ती बाजारातल्या मशिनीवर कापूस पिंजून आणती अन् घरी नुसते टाके घालती. मशिनीचा कापूस असा ऱ्हात न्हाई, गाठी ऱ्हातात. हे कमानीवर पिंजलेलं हाय, अन् तेबी जुन्या हातानं. तिच्या घरी आता पिंजणारं कोण हाय?"

मी उठलो आणि तोंड धुतलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. "मी काई बोलले न्हाई बरं का," ती म्हणाली. "मी आपली रजईचं बोलून राह्यले." पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो उतरलेला उजवा खांदा आला होता. वर्षानुवर्षं कमान पेलून तो तसा होतो, हे मी लहानपणी आमच्या गावच्या पिंजाऱ्याचं पाहिलं होतं. पासपोर्टात 'मजुरी' असं लिहिलेलं, म्हणून मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

तासाभरात मी आणि जमादार पिंजार गल्लीत होतो. बहीण ओसरीवर रजईला टाके घालत बसली होती. पुढचं सगळं बोलणं दखनीत झालं. मी ते इथं मराठीत देतो, त्यांचे शब्द जमतील तसे ठेवतो.

"आमची रजई कुणी पिंजली?" मी विचारलं.

"मशिनीवर, अमीनसाब. बाजारात. मंगळवारी गेल्ते. शेजारीण होती माझ्यासंगं, विचारा तिला."

मी वार विचारला नव्हता आणि सोबत कोण होतं हेही नाही. खरं बोलणारा माणूस विचारलं तेवढं सांगून गप्प बसतो. खोटं बोलणाऱ्याला आपलं बोलणं अपुरं वाटतं, म्हणून तो साक्षीदारही बरोबर घेऊन येतो. जमादारांनी शांतपणे सांगितलं की मंगळवारी मशीन बंद असते.

"मंग मीच पिंजलं," ती म्हणाली.

"हात दाखवा."

तिनं हात पुढे केले. बोटांच्या टोकांना सुईचे बारीक घट्टे होते, तळवे मऊ होते. मी वर बघितलं. आढ्याला, वाशांना, कोपऱ्यातल्या जाळ्यांना पांढरा तंतू चिकटलेला होता. पिंजारी नेहमी हवेशीर जागी, दारं उघडी टाकून काम करतो. इथं कुणीतरी दारं-खिडक्या लावून पिंजत होतं. मी आवाज चढवला. परदेशी माणूस लपवणं हा गुन्हा आहे, ठाण्यात यावं लागेल, वगैरे जे बोलायचं असतं ते सगळं बोललो. ती बाई सुई रजईत खोचून मुकाट्यानं उठली. भावाचं नाव तिनं शेवटपर्यंत काढलं नाही.

तेवढ्यात आतलं दार उघडलं.

भुवया, दाढी, डोक्याचे केस, सगळ्यावर कापूस बसलेला. "बहिनीला नेऊ नका, अमीनसाब," तो म्हणाला. "मी हाय." त्याच्या मागं अठरा वर्षांची मुलगी उभी होती आणि तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं, लहान पोरगी बाजारात धरते तसं. त्या मुठीकडे बघून माझा चढवलेला आवाज खाली आला. नोकरीत माझ्या आवाजाचं असं फार वेळा झालेलं नाही.

ठाण्यात जबाब घ्यायला मी स्वतः बसलो. पहिला प्रश्न मला माझ्याच रजईबद्दल विचारायचा होता.

"रजई फौजदाराच्या घरची आहे, हे माहीत होतं?"

"जी. बहिनीनं सांगितल्तं, हिला हात लावू नको."

"मग?"

"उघडून बघितलं जी. आत समद्या गाठी. सरकी तशीच. गाठीवर टाका घालायचा म्हंजे..." तो थोडा वेळ शब्द शोधत राहिला. "आमच्या बापानं हात तोडले असते. अमीनसाबची असो का कुणाची असो, घरातून तसली रजई भाईर जाऊ द्यायची न्हाई. मी बहिनीला म्हणलो, कोण बघायला बसलंय?"

जमादार लिहिता लिहिता थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत लिहायला लागले.

मग त्यानं सगळं सांगितलं. मुलगी आठ वर्षांची असताना तिची आई गेली. पोलीस ॲक्शननंतरच्या धामधुमीत धाकटा भाऊ घाबरून कराचीला निघाला. त्याला पोहोचवून दोन महिन्यांत परत येतो, असं सांगून हा मुलीला बहिणीच्या पदरात टाकून गेला. तिकडे भाऊ आजारी पडला. आधी परमिट आलं, मग पासपोर्ट आले, आणि दोन महिन्यांची नऊ-दहा वर्षं झाली. आता मुलीचं लग्न ठरलं म्हणून पासपोर्टच्या शेवटच्या महिन्यांत व्हिसा मिळवून आला. "दारात उभा ऱ्हायलो तर पोरीनं ओळखलं न्हाई," तो म्हणाला. "सलाम केला अन् फुफीच्या, माझ्या बहिनीच्या, मागं लपली. तीन दिवस तसंच. मंग मी माळ्यावरची जुनी कमान काढली अन् तांतीवर ठोका मारला. आवाज ऐकून ती चुलीवरून उठून आली. तवा आब्बा म्हणली."

त्यांच्या घरात मुलीच्या लग्नाची रजई बापानंच पिंजायची, अशी रीत होती. म्हणून तो पिंजत होता.

"मग गेला का नाहीत वेळेवर?"

निकाह व्हिसाच्या मुदतीतच ठरला होता. पण त्याच्या तोंडावर नवऱ्या मुलाचा आजोबा वारला आणि मुलाकडच्यांनी तारीख मयताच्या चाळिसाव्या दिवसाच्या पुढं ढकलली. चाळिसावा पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी आणि निकाह त्यानंतरच्या रविवारी. पासपोर्ट मात्र त्याच आठवड्यात गुरुवारी संपत होता. म्हणून तो गाडीत बसला, पुढच्याच रांजणी स्टेशनात उतरला आणि शेताशेतानं चालत परत आला.

"पोरीच्या निकाहला मी उभा ऱ्हातो," तो म्हणाला. "मंग जेलात टाका. बिलकुल तक्रार न्हाई."

"अहो, त्याच दिवशी मला सांगितलं असतं तर! मयतीचं कारण खरं होतं. पाच ओळींचा अर्ज, मी शिफारस केली असती, मुदत वाढली असती. पासपोर्ट वाढवून घ्यायलाही तेव्हा वेळ होता."

त्यानं माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "अर्ज करता येतो?"

मी होकारार्थी मान हलवली.

"सांगायलाच आल्तो जी त्या दिवशी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "उभा होतो तुमच्यासमोर. तुम्ही 'और कुछ' म्हणले. पन तुमची मान खाली होती. मंग हिंमत न्हाई झाली."

त्याच्या आवाजात गाऱ्हाणं नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं. मी जमादारांना म्हटलं, हे जबाबात घ्यायची गरज नाही. जमादार म्हणाले, "न्हाईच घेतलं, साब."

औरंगाबादला ट्रंक कॉल लावला. आमचे साहेब कडक होते, पण डोक्यानं साफ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मुदतवाढ विसरा," ते म्हणाले. "पासपोर्टच संपतोय तर वाढ देणार कशावर? आणि अटक करून खटला भरलात, तर पासपोर्ट कोर्टाच्या कपाटात पडल्या पडल्या संपेल. मग हा माणूस त्यांचाही नाही आणि आपलाही नाही. येत्या शनिवारच्या गाडीत तो बसला पाहिजे. मधले दिवस त्याला कुठं ठेवायचं, ते तुम्ही ठरवा. पळाला तर मात्र मला फोन करू नका, थेट राजीनामा पाठवा."

शनिवारी निघाला तर मनमाड, दिल्ली करत बुधवारी सरहद्दीवर. एक दिवस हातात. म्हणजे निकाह शनिवारच्या गाडीआधी व्हायला हवा, आणि चाळिसावा तर त्याच्या पुढच्या शुक्रवारी. कोठडीत टाकून शनिवारी गाडीत बसवणं माझ्या दृष्टीनं सगळ्यात सोपं होतं. नियमानं कुणी बोट दाखवलं नसतं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मला माझ्याच सहीची लाज वाटत होती. मी त्याला बहिणीच्या घरी ठेवला, सकाळ-संध्याकाळ ठाण्यात हजेरी द्यायला लावली आणि स्टेशन डायरीत तशी नोंद केली.

"साब, तो पुन्यांदा गेला तर?" जमादारांनी विचारलं.

"तर तुमची पेन्शन गेली आणि माझी नोकरी."

"माझीच पेन्शन आधी का म्हणून?" ते पुटपुटले. पण गल्लीच्या तोंडाशी चहाच्या दुकानात बाकडं धरून त्या दिवसापासून तेच बसले.

मुलाकडचे जाफराबादचे. बाप शिंपी होता. बुधवारी मी निघालो, अंगावर वर्दी चढवत होतो, तेव्हा बायकोनं ती ओढून घेतली आणि धोतर-कोट हातात ठेवला. "सोयरिकीचं बोलायला कुणी वर्दी घालून जातं का? ते हो म्हणतील ते भिऊन म्हणतील. तसला हो काय कामाचा?" त्या दोन दिवसांत ती माझ्याशी फार बोलत नव्हती. आपल्या तोंडून निघालेल्या शब्दानं एक बाप सापडला, हे तिला सहन होत नव्हतं. नवी रजई तिनं घडी करून खुंटीवर टाकली होती आणि थंडीत जुन्या चादरीखाली निजत होती.

जालन्याहून बसनं जाफराबादला पोहोचलो. मी ओळख दिली आणि शिंप्याचा पाय मशीनवर थांबला. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्याला राग आला, आणि तो बरोबरच होता.

"बाप इथंच हाय, अन् आमाला कुणी सांगितलं न्हाई?"

"तुम्हाला काय, मलाही नाही सांगितलं. आपण दोघंही भीती वाटण्यासारखी माणसं निघालो."

तो जरा नरमला, पण मान हलवत राहिला. "माझ्या बापाचा चाळिसावा झाला न्हाई, अमीनसाब. त्याच्या आधी दारात मंडप कसा घालू? लोक काय म्हणतील? अन् अम्मा तर ऐकायचीच न्हाई."

अम्मा, म्हणजे वारलेल्या माणसाची बायको, आतल्या पडद्यामागून सगळं ऐकत होती. तिनं तिथूनच मला विचारलं, "पोरीचा बाप कवा जाऊन राह्यला?"

"शनिवारी दुपारच्या गाडीनं."

"परत कवा येईल?"

"ते माझ्या हातात नाही, अम्मा. आणि त्याच्याही नाही."

मग ती मुलाला म्हणाली, "तुझा बाप गेला, त्याला आता कशाची जल्दी न्हाई. आठ दिवस आधी निकाह झाला म्हणून तो काई रागवायचा न्हाई. जल्दी त्या जित्या बापाला हाय. शनिवारी जा. बँड नको, बाकी समदं बराबर कर."

शिंप्यानं डोळे पुसले आणि मला विचारलं, वरातीला किती माणसं आणू? मी फौजदार, मला काय माहीत? पण सोयरिकीला आलोच होतो, म्हणून म्हटलं, दहा पुरेत.

परतूरला आलो तर पिंजार गल्लीत वेगळंच चाललं होतं. आता लपायचं कारण उरलं नव्हतं. त्यानं दारं उघडी टाकली होती आणि ओसरीवर कमान टांगली होती. तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. बायका आपापल्या रजया काखेत मारून रांगेत बसल्या होत्या. जुना हात परत आल्याचं त्यांना कळलं होतं. तो त्यांची कामं करत होता आणि मधेच मुलीची रजई पुढे ओढत होता. मुलगी सरकी निवडत बसली होती. दोघं फार बोलत नव्हते. ठोका पडला की ती वर बघायची, आणि तो हसायचा.

शनिवारी सकाळी अंगणात निकाह झाला. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. काझींनी विचारलं, मुलीचा वली, म्हणजे तिच्या वतीनं बोलणारा पालक, कोण? पहिल्या दिवसापासून खालच्या आवाजात बोलणारा तो माणूस सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "मैं. उसका बाप."

एरवी यानंतर मुलीची पाठवणी. वऱ्हाडाची बस उभी होती. मुलगी म्हणाली, आधी आब्बा जातील, मग मी. शिंप्यानं बस थांबवली आणि सगळं वऱ्हाड स्टेशनावर आलं.

जमादार साध्या कपड्यात त्याच्याबरोबर सरहद्दीपर्यंत जाणार होते. बेडी नव्हती. फलाटावर थंड वारं सुटलं होतं आणि त्याच्या अंगात एक सुती सदरा होता. मुलगी आपली लग्नाची रजई घेऊन आली होती. "तिकडं दिल्लीकडं थंडी हाय, आब्बा, घ्या." तो घेईना. "लग्नाची चीज बापानं न्यायची? बिलकुल न्हाई." ती ऐकेना, तो मानेना, आणि गाडीचा सिग्नल पडला.

तेवढ्यात आमच्या घरचा टांगा आला. बायको कधी स्टेशनावर येत नसे. ती खाली उतरली, तिच्या हातात आमची रजई होती. ती थेट त्याच्यासमोर गेली. "भाऊ, ही न्या. हिच्याखाली मला झोप लागत न्हाई."

तिला का झोप लागत नव्हती, हे त्याला कळलं असावं. त्यानं नाही म्हटलं नाही. दोन्ही हातांनी रजई घेतली. आणि सवयीनं तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, तर एका कोपऱ्यात थांबला. "बाईजी, एक टाका सुटून राह्यला." लांबून गाडीची शिटी ऐकू आली. तो बाकावर बसला, टोपीच्या घडीतून दोरा ओवलेली सुई काढली आणि टाका घातला. घाईनं नाही, नीट. दोरा तोडायला मुलगी वाकली आणि तिनं तो दातानं तोडला. वाकलेली ती तशीच त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवून राहिली.

गाडी आली. तो खिडकीशी बसला. बाकीच्यांना रडू आवरत नव्हतं. मुलगी मात्र खिडकीला धरून सांगत होती, "येळेवर जेवत जा. कुणाशी भांडू नका. पोचले की कळवा." बापानं मुलीला सांगायचं ते सगळं ती बापाला सांगत होती, आणि तो शहाण्या मुलीसारखी मान हलवत होता. मी आयुष्यात पुष्कळ पाठवण्या पाहिल्या. नवरीनं उभं राहून बापाची केलेली ही एकच. त्या दिवशी मी रुमालानं चष्मा पुसला असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा मला चष्मा नव्हता.

दहा दिवसांनी जमादार परतले. चौकीची पावती आणली होती. बुधवारी दुपारी पलीकडे गेला, पासपोर्टात एक दिवस बाकी असताना. औरंगाबादला मी अहवाल पाठवला आणि एक नक्कल ठाण्यात ठेवली.

नवरी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा नवऱ्याला घेऊन ठाण्यात आली. पायऱ्या चढून थेट माझ्या टेबलापुढे उभी राहिली. "अमीनसाब, आब्बाचा कागद आला का?" मी नक्कल काढून वाचून दाखवली. अमुक नावाचा परदेशी नागरिक, अमुक वेळी सरहद्द ओलांडून गेला. तिच्या बापाला त्या कागदात परदेशी म्हटलं होतं आणि ते मीच लिहिलं होतं. पण तिला त्याचं काही नव्हतं. पोहोचल्याची खबर तेवढी तिनं त्यातून उचलली. शेवटचा रकाना सामानाचा होता. एक पिशवी, एक रजई.

"ते पुन्यांदा वाचा," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

मग मी कागद बाजूला ठेवला आणि तिच्याकडे बघून विचारलं, "और कुछ?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आब्बांना नवा पासपोर्ट निघतो का? इकडं बोलवायचं म्हणलं तर आमाला अर्ज करता येतो का?"

"येतो."

"मंग लिहून द्या," ती म्हणाली आणि समोरच्या बाकावर बसली. मी दौत पुढे ओढली.

सहा महिन्यांत माझी बदली झाली. त्या अर्जाचं पुढं काय झालं, हे मला कळलं नाही. जमादार वारले, पत्रं थांबली. थंडी पडली की बायको अजून विचारते, "ते परत आले असतील का वो?" मी म्हणतो, आले असतील. खात्रीनं सांगता येत नाही याचं वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच पाहिजे, असं मला वाटतं.

या प्रकरणानं मला शिकवलं ते तपासाचं नव्हतं. तपास तर माझ्या बायकोनं रजईवर हात फिरवून केला. माणूस लपतो तो दर वेळी कायद्याला भिऊन लपत नाही. पुष्कळदा तो आमच्या पायऱ्या चढून आलेला असतो, बोलायला तोंड उघडणार असतो, आणि समोरच्याची मान खाली असते. त्या दिवशी मी मान वर केली असती, तर एका बापाला मुलीच्या लग्नाची रजई दारं लावून पिंजावी लागली नसती, आणि निकाहनंतर चार दिवस तरी तो तिच्या सासरी जाऊन आला असता. त्यानंतर मी वीसेक वर्षं नोकरी केली. प्रत्येक सहीनंतर लेखणी खाली ठेवत असे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून विचारत असे, अजून काही? बहुतेक जण नाही म्हणून जात. जे टोपी दुमडत उभे राहत, त्यांना मी बसायला सांगत असे.